परळची विद्या, वऱ्हाडचा रुग्ण

रक्ताचा कर्करोग हे शब्द कानी पडताच वऱ्हाडातील घर आजही निम्मे हरते. अकोल्याच्या वा अमरावतीच्या दवाखान्यात तपासणीचा कागद हाती येतो, चार नातेवाईक गोळा होतात आणि उपचार कोठे मिळतील याआधी विचारले जाते ते एवढेच, की आता किती दिवस? चार दशकांपूर्वी हा प्रश्न अवाजवी नव्हता. आज, निदान लहान मुलांच्या बाबतीत, तो चुकीचा आहे.

मुलांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात या रोगाच्या पाच मुलांपैकी जेमतेम एक वाचत असे. पुढील काळात मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या केंद्रांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास व काही ठिकाणी त्याच्याही पुढे गेले. हा पालट घडविणाऱ्या संशोधनाचा मोठा भाग मुंबईच्या परळ भागात झाला. अमरावतीहून सायंकाळी सुटणारी आणि मूर्तिजापूर, अकोला, शेगाव करीत जाणारी मुंबईची गाडी सकाळी दादरला थांबते, तेथून परळ जवळच. गाडीचा प्रवास एका रात्रीचा आहे. परंतु परळची विद्या आणि वऱ्हाडचा रुग्ण यांच्यामधील अंतर अद्याप कापले गेलेले नाही. ते कापण्याची जबाबदारी शासनाची आहेच. तिचा एक मोठा वाटा समाजाचा आहे आणि समाजाने तो अजून पुरता उचललेला नाही.

आपल्या मापाचा उपचार

या संशोधनात ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते ते डॉ. सुरेश अडवाणी. जन्म फाळणीच्या वर्षी, १९४७ मध्ये, कराचीत. कुटुंब निर्वासित होऊन मुंबईस आले. वयाच्या आठव्या वर्षी पोलिओने पाय गेले आणि पुढचे सारे आयुष्य चाकांच्या खुर्चीवर. वैद्यकीय शिक्षणाच्या दारातच अपंगत्वाची अडचण पुढे करण्यात आली. ती ओलांडून ते डॉक्टर झाले. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे शिक्षण घेऊन परतल्यावर १९८३ मध्ये त्यांनी टाटा स्मारक रुग्णालयात देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

प्रत्यारोपणाची बातमी मोठी झाली. सामान्य घरातील मुलांसाठी अधिक मोलाचे ठरले ते मात्र दुसरे, फारसा गाजावाजा न झालेले काम. अमेरिकेत यशस्वी ठरलेली औषधयोजना येथे जशीच्या तशी आणली की भारतीय मूल कित्येकदा कर्करोगाने जाण्याआधी जंतुसंसर्गाने जाई. आधीच कुपोषण, उशिरा झालेले निदान, गर्दीचे कक्ष आणि अपुरा रक्तपुरवठा. त्यावर तीव्र औषधांचा मारा. १९८४ पासून मुंबईचे टाटा रुग्णालय, चेन्नईची अड्यार येथील कर्करोग संस्था आणि दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने एकच समान योजना अवलंबिली. तिचे नाव 'एमसीपी ८४१'. आपल्या रुग्णालयांना पेलेल, आपल्या मुलांना सोसेल अशा बेताने औषधे आणि त्यांचा क्रम ठरविण्यात आला. वीस वर्षांचा आणि हजाराहून अधिक रुग्णांचा हिशोब २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वर उल्लेखिलेला पालट याच योजनेचा.

स्वदेशी या शब्दाचा एक सखोल अर्थ येथे दिसतो. या योजनेतील एकही औषध मूळचे भारतात शोधलेले नव्हते. विद्या जगातून घेतली, सहकार्य परदेशी तज्ज्ञाचे घेतले. माप मात्र आपल्या मुलांच्या अंगाचे घेतले. आणि जे मेले त्यांचाही हिशोब न लपविता मांडला, म्हणून जे वाचले त्यांच्या संख्येवर जगाचा विश्वास बसला.

गोठणारे आणि न गोठणारे रक्त

रक्ताचा कर्करोग आणि रक्त गोठण्याचे विकार यांना सामान्य माणूस वेगळे समजतो. रुग्णाच्या खाटेपाशी ते सतत एकत्र येतात. कर्करोगाच्या पेशींनी अस्थिमज्जा व्यापली की प्लेटलेट घटतात. अंगावर निळे डाग उमटतात, हिरड्यांतून रक्त येते. प्रोमायलोसायटिक नावाच्या प्रकारात तर गोठण्याची सारी यंत्रणाच बिघडते आणि पहिल्या काही दिवसांत मेंदूतील रक्तस्रावाने रुग्ण दगावू शकतो. उलट, मुलांच्या ल्युकेमियावरील अ‍ॅस्परॅजिनेस या महत्त्वाच्या औषधामुळे कधी मेंदूच्या शिरेत गुठळी होते. म्हणून कर्करोगतज्ज्ञाच्या शेजारी रक्त गोठण्याचे शास्त्र जाणणारी प्रयोगशाळा लागते.

सुदैवाने तीही परळमध्येच उभी राहिली. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे, डॉ. चं. कृ. देशपांडे, डॉ. हि. म. भाटिया आदींनी 'बॉम्बे' रक्तगटाचा शोध जगापुढे मांडला. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. तेच पुढे केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले. डॉ. दीपिका मोहंती, डॉ. कंजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी यांनी येथे हिमोफिलिया आणि गुठळ्यांचे विकार यांवर दीर्घकाळ काम केले. यकृतातून रक्त वाहून नेणाऱ्या शिरांत गुठळी होण्याचा बड-कियारी नावाचा विकार पश्चिम भारतातील रुग्णांना का होतो, यामागील आनुवंशिक कारण त्यांच्या २००१ च्या अभ्यासाने पुढे आणले. हिमोफिलियाग्रस्त कुळांतील स्त्रियांची तपासणी आणि गर्भावस्थेतील निदान या संस्थेने भारतीय कुटुंबांच्या आवाक्यात आणले.

या शेवटच्या कामाला सामाजिक अंग आहे. हिमोफिलिया मातेकडून पुत्राकडे जातो हे कळताच सारा दोष सुनेच्या माथी मारणारी घरे आहेत. जनुकात घडलेल्या बदलाला पाप-पुण्य नसते. अनेक कुटुंबांत तर पूर्वी कोणालाही नसताना तो नव्याने उद्भवतो. हे सांगणारे शास्त्र त्या मातेची प्रतिष्ठा राखते. मातृशक्तीचे स्तवन करणाऱ्या समाजाने निदान हे एवढे घरोघर पोहोचवावयास हवे.

सदाफुली आणि सोमल

ल्युकेमियावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासून मिळते. वऱ्हाडातील अंगणाअंगणात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी फुलणारी हीच ती सदाफुली. हे कळले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणतो, आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते. कोणी त्याहून पुढे जाऊन रुग्णाला तिची पाने चघळावयास देतो. पहिली समजूत भाबडी आहे, दुसरी घातक. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यातील औषधी द्रव्ये १९५० च्या दशकात आणि त्यानंतर कॅनडा व अमेरिकेतील संशोधकांनी वेगळी केली. व्हिन्क्रिस्टीनचा एक ग्रॅम मिळविण्यास कित्येक शे किलो सुकी पाने लागतात. पाला चघळून कर्करोग जात नाही. वेळ मात्र जातो.

सोमलाची कथा अधिक अंतर्मुख करणारी आहे. सोमल म्हणजे आर्सेनिकाचे ऑक्साइड. आपल्या रसशास्त्राला तो शतकानुशतके परिचित आहे. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांना १९७० च्या दशकात एका लोकौषधात आर्सेनिक आढळले. त्यांनी ते शुद्ध केले, मात्रा ठरविली, रुग्ण मोजले आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्हिटॅमिन 'अ'शी नाते असणाऱ्या दुसऱ्या एका औषधासह तेच आज प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया बहुसंख्य रुग्णांत बरा करते. वेल्लोरच्या भारतीय डॉक्टरांनी केवळ आर्सेनिकवर उपचार केलेल्या ७२ रुग्णांचे उत्तम निष्कर्ष २००६ मध्ये मांडले. सोमल आपल्यापाशीही होता. चीनने मोजमाप आधी केले, म्हणून श्रेय चीनकडे गेले. कच्चा सोमल विष आहे, हे आपले ग्रंथच बजावतात. वारशाचा अभिमान बाळगणाऱ्याने तो प्रयोगाच्या कसोटीवर चढविण्यास डगमगू नये. कर्करोगाच्या हमखास इलाजाच्या जाहिराती करणारे आयुर्वेदाची सेवा करीत नाहीत, त्याची अप्रतिष्ठा करतात. आणि अशा घरांना त्यांच्यापासून सावध करणे हे आयुर्वेदाच्या अभिमानी माणसाचेच कर्तव्य ठरते.

हीच कसोटी देशी कारखान्यांनाही लागू आहे. भारतात बनणाऱ्या अ‍ॅस्परॅजिनेसच्या अनेक नमुन्यांचा दर्जा उणा भरतो, असे भारतीय डॉक्टरांच्या सहभागाने झालेल्या तपासणीत आढळले आणि ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वस्त पण निःसत्त्व औषध हे स्वदेशी नव्हे. याउलट पवईची आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांच्या संशोधनातून साकारलेल्या 'नेक्सकार१९' या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील किमतीच्या सुमारे दशांशात तो उपलब्ध झाला. स्वदेशी म्हणावे ते याला. तरीही लक्षावधी रुपयांचा हा उपचार धारणीच्या शेतमजुराला परवडणारा नाही, हेही तेवढेच खरे.

साखळी वऱ्हाडात तुटते

बरे होणे ही एक साखळी आहे. वेळेवर शंका, अचूक निदान, औषध, रक्त आणि अखेरपर्यंत टिकलेला उपचार. एक कडी निखळली की परळची सारी विद्या व्यर्थ.

पहिली कडी गावातच निखळते. महिनाभर न हटणारा ताप, पांढरे पडलेले मूल, हाडांत दुखणे, अंगावर निळे डाग. अशा वेळी रक्ताची एक साधी संपूर्ण तपासणी पुष्कळ काही सांगून जाते. त्याऐवजी ताप उतरावा म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. मूल चार दिवस टवटवीत दिसते, कारण ल्युकेमियाच्या पेशीही स्टेरॉइडने तात्पुरत्या दबतात. निदान लांबते, आणि पुढे ते झाले तरी रोगाचे खरे स्वरूप झाकलेले राहते.

मेळघाटची गोष्ट आणखी वेगळी. चिखलदरा व धारणी तालुक्यांतील कोरकू वनवासी बंधूंमध्ये आणि विदर्भातील अनेक समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मध्य भारतातील सिकलसेलविषयी डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या जगन्मान्य नियतकालिकात आला होता. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले ते १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशात शहडोल येथे, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. मध्ये ६५ वर्षे गेली. ज्ञान नव्हते असे नाही. ज्यांना हा रोग होता त्यांचा आवाज दिल्ली-मुंबईपर्यंत पोहोचत नव्हता. हा रोग अमक्या जातीचा असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी समरसतेच्या गोष्टी बोलू नयेत. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला रोगाची शक्यता चारात एक एवढी असते. पत्रिका पाहणाऱ्या घराने लग्नाआधी रक्तही पाहावे, यात कोणाचाच कमीपणा नाही.

मनात आणले तर काय होते याचेही उदाहरण याच भूमीत आहे. राज्यात हिमोफिलियासाठी जिल्हा पातळीवर जी पहिली दिवस-उपचार केंद्रे निघाली, त्यांत सातारा, ठाणे व नाशिक यांच्यासमवेत अमरावतीही होते. सांध्यात रक्त साकळून विव्हळणाऱ्या मुलाला गोठण घटकाचे इंजेक्शन आपल्या जिल्ह्यात मिळू लागणे म्हणजे त्याचा गुडघा, त्याची शाळा आणि बापाची मजुरी वाचणे.

सर्वांत अधिक तुटते ती शेवटची कडी. ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. औषधांचा मोठा खर्च महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजनेतून वा आयुष्मान भारतमधून निघू शकतो. परंतु मुंबईतील खोलीचे भाडे, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेली बाकीची मुले आणि ऐन हंगामात सोडलेली कपाशी यांचा खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही. मूल बरे दिसू लागते आणि बाप त्याला गावी घेऊन येतो. काही महिन्यांनी रोग उलटतो, आणि या खेपेस तो औषधांना जुमानत नाही.

टाटा रुग्णालयातील अनुभव येथे डोळे उघडणारा आहे. २००९ च्या सुमारास तेथे कर्करोगाच्या दर शंभर बालरुग्णांपैकी सुमारे वीस उपचार नाकारीत वा अर्ध्यावर सोडीत. निवास, अन्न, आर्थिक साहाय्य, समुपदेशन आणि घरी गेलेल्यांचा पाठपुरावा यांची नीट व्यवस्था लागल्यावर काही वर्षांतच हे प्रमाण पाचाच्या आसपास आले. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही. शंभरामागे पंधरा मुलांचा उपचार टिकला तो माणसांनी माणसांची विचारपूस केल्यामुळे.

शिबिराच्या पलीकडे

हे काम समाजाला अपरिचित नाही. शेंडगावात जन्मलेल्या आणि अमरावतीच्या भूमीतच देह ठेवलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही कर्करुग्णांना आसरा देते. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून हेच व्रत चालवीत आहे. नागपूरजवळ जामठा येथे डॉ. आबाजी थत्ते सेवा और अनुसंधान संस्थेने राष्ट्रीय कर्करोग संस्था उभारली. २०१८ मध्ये नागपुरात एम्स सुरू झाले. त्यामुळे अमरावतीच्या रुग्णाला प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागेल असे राहिलेले नाही.

आता पुढचे पाऊल जिल्ह्यात पडावयास हवे. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासूनचे. तेथे अतिविशेषोपचार रुग्णालयाची इमारतही उभी राहिली. अमरावतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये मिळाले. या दोन्ही ठिकाणी रक्तविकारांचा स्वतंत्र विभाग असावा, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे ठामपणे गेली पाहिजे. ल्युकेमियाच्या उपचाराचा शेवटचा, सर्वांत लांबचा टप्पा बहुतांशी गोळ्या आणि नियमित रक्ततपासणी यांचा असतो. योजना परळने वा नागपूरने आखावी, तो टप्पा अकोल्याने सांभाळावा आणि दर महिन्याची माहिती परत कळवावी. यासाठी महाल बांधावे लागत नाहीत, शिस्त लागते.

आणि आपल्या घरचा हिशोब. जयंती, पुण्यतिथी, वर्धापनदिन आला की रक्तदान शिबिरे होतात, दात्यांचा आकडा वृत्तपत्रांत झळकतो. हे कार्य थोर आहे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु रक्ताच्या पिशवीचे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचे असते, प्लेटलेटचे अवघे पाच दिवसांचे. दान केल्यावर काही तासांत त्या वेगळ्या काढाव्या लागतात. दूरच्या गावी घेतलेल्या शिबिराच्या रक्तातून त्या निघतीलच असे नाही. एकाच दिवशी पाचशे पिशव्या जमतात आणि तीन आठवड्यांनी, भर उन्हाळ्यात, शाळा-महाविद्यालये बंद असताना, ल्युकेमियाच्या मुलाचे नातेवाईक एका प्लेटलेटदात्यासाठी शहर पालथे घालतात. पुण्याची जनकल्याण रक्तपेढी आणि नागपूरची डॉ. हेडगेवार रक्तपेढी यांनी या क्षेत्रात मोठा अनुभव जमा केला आहे. त्यांच्या मार्गदर्शनाने प्रत्येक नगरात शंभर प्लेटलेटदात्यांची सूची असावी, आठवड्याची पाळी ठरलेली असावी आणि फोन येताच दाता रक्तपेढीत हजर असावा. दररोज ठरल्या वेळी एकत्र येण्याची सवय ज्यांच्या अंगी मुरली आहे, त्यांना हे अवघड नाही. याला टाळ्या मिळणार नाहीत, छायाचित्रही निघणार नाही.

याच्या जोडीला प्रत्येक तालुक्यात दोन-तीन जाणत्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे: उपचार घेणाऱ्या प्रत्येक मुलाचे घर माहीत असावे, पुढच्या तपासणीची तारीख आठवणीत असावी, गाडीचे तिकीट आणि योजनेची कागदपत्रे वेळेवर तयार असावीत, आणि बाप कंटाळून परतला तर त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे. खाटेपाशी डॉक्टर लढतो. ओसरीवरची लढाई शेजाऱ्याची आहे.

चाकांच्या खुर्चीवरून एका निर्वासित मुलाने परळमध्ये जे उभे केले, त्याचा लाभ दर्यापूरच्या, धारणीच्या आणि बाळापूरच्या मुलाला मिळावा, यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुष्कळसे शोध लागून गेले आहेत. उरली आहे ती पोहोचविण्याची चिकाटी, आणि ती कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.